चाचांनी दुकान वाढवलं

ज्या माणसाचं दुकान बंद पडायला आलं होतं, त्याच्या दारात बसून मी "दुकान मोठं करू नका" म्हणून सत्याग्रह केला. एका आठवडेबाजारी नाही, लागोपाठ दोन. वर मौनव्रत. म्हणजे त्यानं "काय चाललंय गं?" असं विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही, अशी शपथ घेऊन.

एवढा मोठा मूर्खपणा करायला अक्कल लागते. ती माझ्याकडं तेव्हा उतू चालली होती.

हे आताच सांगायचं कारण माझी नात. वर्षभर नवीन काहीही विकत घेणार नाही, असं तिनं ठरवलंय. त्यावर तिचा बाप, म्हणजे माझ्याच पोटचा दिवटा, जेवताना हसत म्हणाला, "सगळ्यांनी असं ठरवलं तर देशाची वाढ थांबेल." माझा घास हातातच राहिला. 'वाढ' हा शब्द माझ्यासमोर जपून काढावा, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. का, ते कुणाला माहीत नव्हतं. तर ऐका.

माझे वडील दौंडला रेल्वेच्या इंजिनशेडमध्ये फिटर होते. आम्ही ख्रिस्ती, आणि खरं बोलण्याच्या बाबतीत वडील पाळकसाहेबांच्याही चार पावलं पुढं. आजूबाजूला कुणी नारळ फोडत नसे, 'वाढवत' असे. बांगडी फुटत नसे, 'वाढत' असे. रात्री पेठेतली दुकानं बंद होत नसत, सगळी 'वाढवली' जात. फुटलं, बंद झालं, असलं अशुभ तोंडातून काढायचं नाही म्हणून उलटं बोलायचं, ही साऱ्या गावाची रीत. हिंदू दुकानदाराची तीच आणि मुसलमान दुकानदाराचीही तीच. आमच्या घरात मात्र तिला बंदी. लहानपणी एकदा माझी बांगडी पिचली. शेजारणीकडून शिकले होते ते मी ऐटीत म्हणून दाखवलं, "बाबा, बांगडी वाढली." वडिलांनी माझं मनगट उजेडात धरून निरखलं.

"कुठं वाढली? मला तर एक कमी दिसतीय. फुटली म्हण. उलटं बोललीस म्हणून देव ती सांधून देणार हाय व्हय?"

त्यामुळं आमच्या घरात वाढ दोनच प्रकारची. पोरं उंचीनं वाढायची आणि आई ताटात भात वाढायची. तिसरा अर्थ मी डोक्यातून काढूनच टाकला. वडिलांची आज्ञाधारक लेक ना मी!

साठ सालच्या पुढंमागं मी शिरूरला वसतिगृहात राहून मास्तरीण व्हायचं शिकत होते. तिथं एका स्नेहसंमेलनाला पुण्याचे कुणी साहेब पाहुणे म्हणून आले. कडक इस्त्री, सोनेरी काड्यांचा चष्मा. आम्हा सुती लुगड्यातल्या पोरींना म्हणाले, "मुलींनो, आहे त्यात समाधान मानणं हा आपल्या देशाचा रोग आहे. गरजा वाढवा! गरजा वाढल्या की माल वाढेल, माल वाढला की कारखाने वाढतील, कारखाने वाढले की देश वाढेल!"

मी उभी राहिले. उभं राहायची मला खोडच होती. "आणि देश वाढून झाल्यावर?"

"म्हणजे?"

"म्हणजे त्यापुढं काय वाढायचं?"

साहेब समजूतदार हसले. त्या हसण्याची चीड अजून माझ्या अंगात आहे. "बाळ, वाढीला शेवट नसतो."

माझ्या शेजारी न्हावरे गावची एक मुलगी बसली होती. ती माझ्या कानाशी लागली, पण तिचा आवाज रानात हाका मारून कमावलेला. अख्ख्या मांडवाला ऐकू गेलं. "आमच्या म्हशीच्या पोटात गाठ झालती. तिच्या वाढीलाबी शेवट नव्हता. म्हसच संपली."

मांडव फुटला हसून. आम्हा दोघींना आठवडाभर विहिरीचं पाणी ओढायची शिक्षा झाली. पाणी ओढता ओढता आम्ही 'पुरे मंडळ' काढलं, आणखी तिघी येऊन मिळाल्या. पंगतीत वाढणारा आला की ताटावर आडवा हात धरून म्हणतात ना, ते पुरे. कुणीतरी या देशाच्या ताटावर आडवा हात धरायला हवा, असं मी म्हणाले. वाक्य मला इतकं आवडलं की बादली विहिरीत पडली.

तुम्ही हसाल. हसाच. कारण त्या वसतिगृहाच्या पंगतीत "पुरे" म्हणायची वेळ कुणावर कधी आली नव्हती. आमटीत डाळ शोधावी लागायची. माझ्याकडं लुगडी दोन, आणि मी प्रतिज्ञा घेतली की तिसरं घेणार नाही! सोडायला आधी हातात काहीतरी असावं लागतं, हे आम्हा पाचजणींना सुचलं नाही.

पुढची अक्कल ऐका. साधेपणाचा गणवेश हवा म्हणून आम्ही पाचजणींनी पांढरी लुगडी घेतली. नवी. म्हणजे तिसरं लुगडं न घेण्याच्या प्रतिज्ञेसाठी तिसरं लुगडं. आणि वसतिगृहाच्या बाई बाजाराच्या दिवशी बाहेर सोडायच्या त्या फक्त 'खरेदीसाठी'. परत आल्यावर काय आणलं ते दाखवावं लागे. त्यामुळं खरेदीविरुद्ध प्रचार करून परतताना प्रत्येक वेळी रिळं, पिना, साबणाची वडी असं काहीतरी घ्यावंच लागायचं. पुरे मंडळ होतं तोवर आम्ही जेवढी खरेदी केली, तेवढी आधी कधी केली नव्हती.

घ्यायचो शेठच्या दुकानात. पेठेत त्याचंच दुकान मोठं. प्लास्टिकच्या बादल्या, नायलॉनच्या साड्या, स्टेनलेसचे डबे. दुकानावर कर्णा लावलेला, सकाळपासून ओरडायचा, "जुनं टाका, नवं न्या!" टाका म्हणे. कुठं टाका? नदीत? चांगली धडकी बादली हातात घेऊन उभ्या असलेल्या बाईला ती बादली जुनी असल्याची लाज वाटायला लावणं, हा धंदा म्हणायचा की चोरी? मला तेव्हाही वाटायचं चोरी, आजही वाटतं.

शेठच्या दुकानाला लागूनच, एकाच भिंतीआड, चाचांचं दुकान. दुकान म्हणजे दोन फळ्यांची बोळकांडी, आणि तीही शेठच्याच मालकीची, चाचा भाडेकरू. स्टो, कंदील, छत्री, काय वाटेल ते दुरुस्त करायचे. तळ गेलेल्या तांब्याला डाख लावून द्यायचे. स्वभावानं महा तिरसट. "कुणी उघडला व्हता ह्यो स्टो? का रेड्यानं उघडला?" असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर विचारायचे. पण जुनं टाकू देत नसत. शेठ ओरडायचा टाका, आणि भिंतीपलीकडं चाचा ओरडायचे, "आण हिकडं, टाकतोस कशाला, मुडद्या!" आमच्या मंडळाचे ते देवच म्हणा, वडिलांच्या कानावर जाऊ देऊ नका.

एक दिवस वसतिगृहाचा स्टो घेऊन मी त्यांच्याकडं गेले. दुकानात पसारा खाली उतरवलेला, फडताळं रिकामी. एक गवंडी दोरी धरून मधली भिंत मोजत होता. चाचांचा मोहरा फणफणलेला.

"स्टो लवकर घिऊन जा गं पोरी. पुढल्या म्हैन्यात दुकान वाढवायचं म्हंतोय."

वाढवायचं? चाचासुद्धा? भिंत पाडून, फडताळं नवी करून? परत येताना मी वाटभर धुमसत होते. शेठ वाढणारच, त्याचा पिंडच तो, पण चाचांनी? घरचाच माणूस फितूर झाला की राग जास्त येतो. पोरवयात तर फारच. शेठच्या दारात बसायचं आमच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. चाचांच्या दारात बसायचं पाच मिनिटांत ठरलं.

न्हावऱ्याची म्हणाली, "अगं, वाढवायचं म्हंजी काय, त्यास्नी इचारू तरी."

मी म्हणाले, "मी माझ्या कानांनी ऐकलंय." त्या कानांना वडिलांनी काय वळण लावलं होतं, ते तुम्हाला सांगितलंच.

बाजाराच्या दिवशी आम्ही पाचजणी पांढरी लुगडी नेसून चाचांच्या पायरीसमोर ओळीनं बसलो. मध्ये शाळेतली मोठी पाटी. पाटीवर एकच शब्द, माझ्या वळणदार अक्षरात: पुरे.

चाचा हात पुसत बाहेर आले. पाटी वाचली. "काय पुरे?"

आमचं मौन.

"कुनाला पुरे?"

मौन.

"अगं, तोंडात मिठाची गुळणी धरलीया का? कुनी बसवलं तुमाला हितं?"

एवढ्यात शेजारून शेठ आला. पाटी बघितली, चाचांकडं बघितलं आणि असा खूश झाला की विचारू नका. "बसा, बसा पोरींनो! तरुणांनी असंच पुढं आलं पाहिजे!" आणि दुकानातून आमच्यासाठी लिंबाचं सरबत पाठवलं. काचेच्या पेल्यातून. मला वाटलं, अहाहा, आमच्या तपानं शेठचं हृदयपरिवर्तन झालं. मी पेला घेतला. चाचांनी मला पेला घेताना बघितलं. आणि ते आत गेले.

त्यांचं ते आत जाणं माझ्या ध्यानातही आलं नाही. सरबत गोड होतं.

आणखी एक. आमच्यात नवरी लग्नात पांढरं नेसते. आम्हाला पांढरं म्हणजे पवित्र, आनंदाचं. पण बाजाराला आलेल्या गावोगावच्या बायांना दिसलं काय? पाच तरण्या पोरी पांढऱ्या लुगड्यात, माना खाली घालून, गप, एका दुकानाच्या दारात. एक म्हातारी गळकी घागर घेऊन आली होती. ती लांबच थबकली आणि तिनं तोंडाला पदर लावला.

"अगं बया! चाचा कवा गेलं?"

आतून चाचा गरजले, "हाय की अजून! मेलो न्हाई! ये, घागर दे!"

पण म्हातारी काही आली नाही. कुणीच आलं नाही. सुतकाच्या दारात डाख लावायला कोण जातो? सगळी शेजारी गेली, नवी बादली घ्यायला. कर्णा ओरडतच होता. पुढच्या बाजारी आम्ही पुन्हा बसलो, पुन्हा तेच झालं, पुन्हा सरबत आलं. तिसऱ्या बाजारी गेलो तर चाचांच्या दुकानाला फळ्या लावलेल्या.

आम्ही जिंकलो होतो! चाचांनी वाढवायचा बेत सोडला, लाजून गावाला गेले असतील, असं मी सगळ्यांना समजावलं. आम्ही त्या बंद फळ्यांसमोर प्रार्थना म्हटली. होय, म्हटली. आभाराची.

पुढच्या महिन्यात मधली भिंत पडली. शेठचं दुकान दुप्पट झालं. आत मोठा आरसा लागला, म्हणजे एक बादली घेणाऱ्याला दोन दिसाव्यात. मला काही केल्या त्याची संगती लागेना. न्हावऱ्याची माझ्याकडं नुसती बघायची. तिला आधीच कळलं असावं.

सुट्टी लागली, यष्टीनं दौंडला घरी आले. रात्री जेवताना वडिलांना मी आमचा विजय सांगितला. रंगवून. वडील खात होते ते थांबले.

"त्यो काय म्हनला? शब्द सांग."

"म्हणाले, दुकान वाढवायचंय."

वडिलांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "अगं येडे, दुकान वाढवायचं म्हंजी बंद करायचं. गाशा गुंडाळायचा. त्याला बाहेर काढत असतील, आन् तुमी वरून त्याच्या दारात 'पुरे' लिहून बसला?"

मला राग आला. आपली चूक कळली की माणसाला आधी दुसऱ्याचाच राग येतो. "तुम्हीच शिकवलंत! तुम्हीच म्हणालात, वाढलं म्हणायचं नाही!"

"मी बोलू नको म्हनलं होतं," वडील म्हणाले. "समजू नको म्हनलं न्हवतं."

आई मध्ये पडली. तिनं भाताचं भांडं उचललं आणि मला विचारलं, "वाढू का?" आणि स्वतःच तोंड फिरवून हसली. माझ्या डोळ्यांत पाणी. मग आईच म्हणाली की टेसनाबाहेर हल्ली शिरूरकडचा एक म्हातारा बसतो, स्टो दुरुस्त करतो. त्याची लेक दौंडात दिली आहे. आपला स्टो मागच्याच आठवड्यात त्यानं नीट करून दिला. हात सोन्याचा आहे, पण जीभ...

जीभ म्हटल्यावर मी ओळखलं.

आता जरा थांबते, कारण इथं माझी नातवंडं हमखास म्हणतील, "म्हणजे आजी, तुमचं सगळंच चुकलं." नाही. सगळं नाही. दार चुकलं. प्रश्न चुकला नव्हता. चाचांच्या दारात आम्ही बसलो, हा आमचा गाढवपणा, तो मी मरेपर्यंत सांगेन. पण भाडेकरूला हुसकून भिंत आम्ही पाडली नाही. कर्णा आम्ही लावला नाही. धडक्या बादलीची लाज आम्ही बाईला शिकवली नाही. ज्यांनी हे केलं त्यांना कुणी मूर्ख म्हणालं नाही. त्यांना पुढच्या स्नेहसंमेलनाला पाहुणे म्हणून बोलावलं! शेठ आला होता, मी स्वतः त्याला हार घातला, बाईंनी घालायला लावला. त्याच्या दुकानाच्या वाढीबद्दल टाळ्या वाजल्या. एकाच भिंतीच्या या बाजूला एकानं दुकान वाढवलं आणि त्या बाजूला दुसऱ्यानंही वाढवलं. शब्द तोच. टाळ्या एकाच बाजूला.

तेव्हापासून पेपरात कुठंही 'वाढ' वाचली की मी आधी शोधते, फुटलं काय. बंद काय पडलं. बहुतेक वेळा सापडतं. माझा लेक म्हणतो, आई, तुला अर्थशास्त्र कळत नाही. नसेल कळत. मराठी कळतं, तेही दौंडला जाऊन कळलं.

तर दुसऱ्या दिवशी आईचा चांगला चालू स्टो घेऊन मी स्टेशनाबाहेर गेले. पांढरं लुगडं नेसायचं धाडस नव्हतं. चाचा टांगेवाल्यांच्या पलीकडं, पोत्यावर बसलेले. पुढं पंप, बर्नर, चामड्याचे वायसर मांडलेले. फळ्या नाहीत, फडताळ नाही. मला बघून त्यांनी डोळे बारीक केले.

"पाटीवाली."

"होय चाचा."

"आता हितंबी पुरे म्हनाया आलीस का? शेठनं यष्टीचं भाडं दिलं?"

"नाही चाचा. शेठनं नाही बसवलं. कुणीच नाही. मला वाटलं... तुम्ही म्हणालात वाढवायचंय, तर मला वाटलं मोठं करणार."

चाचांचा हात थांबला. "मोठं? म्या?" त्यांनी पोत्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "शिकल्याली ना गं तू?"

"होय."

"मास्तरीन व्हनार?"

"होय."

"अल्ला पोरांचं रक्षन करो." आणि स्टो ओढून घेऊन हलवून बघितला. "ह्यो तर चांगला हाय. ह्याला काय झालंय?"

"काही नाही."

"मंग आनलास कशाला?"

उत्तरासाठी न थांबता ते पंपाला तेल देत, माझ्याकडं न बघता बोलले. शेठ कधीचा मागं लागला होता. गवंडी धाडायचा, भिंत मोजायचा. चाचा दर वेळी "वाढवतो, वाढवतो" म्हणत आणि जागचे हलत नसत. या खेपेलाही हलणार नव्हते. पसारा खाली काढला होता तो नुसता शेठला दाखवायला. "शेठला म्या ऐकत न्हवतो. त्यो शेठच. पन मंग तुमी आला. शिकल्याल्या, चांगल्या घरच्या. त्याचं सरबत पिऊन बसला. म्या म्हनलं, गावच पुरे म्हंतंय तर आता कुनासाठी बसायचं."

माफी मागायची वाक्यं मी वाटेत पाठ केली होती, वळणदार. एकही आठवेना. मी तिथंच मातीत, पोत्यासमोर बसले, मान खाली घालून. कंदील घेऊन एक बाई येत होती. माझ्याकडं बघून तिची पावलं मंदावली. चाचांनी ते बघितलं, मला बघितलं, आणि हातातली पिन माझ्या दिशेनं रोखून म्हणाले:

"बस. पन बोलत बस, पोरी. तू गप बसलीस की माझं दुकान वाढतं."